सेंडऑफचे ब्लाउज

हर्सूलला आमच्या गल्लीत एक पोरगी ब्लाउज शिवते. वय सतरा. दहावीच्या सुट्टीत आईच्या मशीनवर तिनं धंदा सुरू केला. आता आईच तिच्या हाताखाली हुक लावत बसते. माप घेताना ती कुणाच्या तोंडाकडं बघत नाही, नुसते आकडे पुटपुटते. कुणी घाई केली की शांतपणे म्हणते, "शुक्रवारी म्हणलं ना मावशी, शुक्रवारीच मिळंल." आणि मिळतोच. तिच्या वयात मला रिक्षावाल्याशीही धड बोलता येत नव्हतं.

यंदा तिच्या बारावीच्या वर्गाचा सेंडऑफ होता. नऊ मैत्रिणींचे ब्लाउज तिनंच शिवले. मी विचारलं, "आणि तुझा?"

"माझं कुठं व्हतंय आता."

आदल्या दिवशी मी माझी मोरपंखी साडी तिला नेऊन दिली. आईचाच एक ब्लाउज अंगासरसा करून ती गेली. मला फार बरं वाटलं.

साडी परत द्यायला आली तेव्हा तिनं मोबाइलवर वर्गाचा फोटो दाखवला. सगळ्या पोरी समोर बघून हसत होत्या. ती एकटीच मान वळवून शेजारणीच्या खांद्याकडं बघत होती.

"छान आलाय गं," मी म्हणाले.

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. "ही बाही बघा ना मावशी, लई चुण्या पडल्यात. सगळा वेळ माझं ध्यान तिथंच."

"आणि कार्यक्रम कसा झाला?"

साडीची घडी माझ्या हातात देत ती म्हणाली, "चांगलाच झाला असंल."