भोंग्यातलं कुत्रं

दादाच्या शेतावरचं तांबडं कुत्रं गावात कुणावर भुंकत नसे. अपवाद फक्त माझा. मी हिंगोलीच्या कचेरीतला बाबू. शनिवारी आखाडा बाळापूरला उतरायचं, पुढं फाट्यावरून चालत शेतावर जायचं. शर्ट खोचलेला, खांद्याला बॅग. त्याच्या नजरेत मी पक्का चोर. "अरे, घरचाच हाय मी!" असं ओरडत माझी शेतात एंट्री व्हायची आणि वहिनी हसून लोटपोट व्हायची.

त्याची खरी नोकरी रानडुकरांवर होती. उन्हाळी भुईमूग शेंगेवर आला की डुकरांचा कळप एका रात्रीत वावर उकरून टाकतो. दादा वावरात चार खांबांवरच्या माळ्यावर झोपे, कुत्रं खाली. ते भुंकलं की दादा टॉर्च घेऊन उतरे, हाळ्या देई, फटाका लावी. एकटं कुत्रं डुकरांना काय अडवणार? भुंकायचं, आणि माणूस येईपर्यंत लांबून दम धरायचा, एवढंच त्याचं काम. पगार वहिनीच्या हातची भाकरी. मी त्याला माझ्यापेक्षा खालच्या श्रेणीतला कर्मचारी समजायचो. कामाला कोण वरचढ, ते घरात सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नाही एवढंच.

मग दादाची कंबर धरली. माळ्यावर चढणं जड जाऊ लागलं. सगळ्यांनी घेतला तसा आम्हीही भोंगा घेतला. बॅटरीवर चालणारा. कार्डात आवाज भरून ठेवला की रातभर थांबून थांबून वाजणारा.

पहिला आवाज माझा भरला. मी जीव तोडून "हाऽड! हुर्रे!" केलं.

वहिनीनं तोंडाला पदर लावला. "भावजी, ह्या आवाजाला घरातलं लेकरू भेत न्हाई. डुक्कर काहून भेईल?"

शेवटी कुत्र्याचाच आवाज भरायचं ठरलं. पण ते हुकमानं थोडंच भुंकतं? दादानं मोबाईल काढला आणि मला म्हणाला, "सोपं हाय. तू फाट्यावर जा, अन् बॅग घेऊन वापस ये."

मी गेलो आणि आलो. कुत्र्यानं माझा असा समाचार घेतला की आवाज एका झटक्यात पास झाला.

भोंगा लागू पडला. बांधाच्या शेजाऱ्यानं तो आवाज मागून नेला, त्याच्याकडून पुढच्यानं. काही दिवसांत चारी दिशांनी एकच कुत्रं भुंकू लागलं. माझी अब्रू शिवारभर झाली.

खुद्द कुत्र्याला मात्र तकलीफ झाली. हद्दीत दुसरं कुणी शिरलं असं वाटून ते प्रत्येक भोंग्याला उत्तर द्यायचं. शेवटी थकून गप्प झालं. कान पाडून पडून राहायचं. "रिटायर झालं," दादा म्हणाला, आणि घरी झोपू लागला. शेत गावाला लागूनच. भुंकणं अंगणात ऐकू यायचं. ऐकू येतंय म्हणजे सगळं बराबर, असं समजून घर झोपायचं.

डुकरंही हळूहळू भोंग्याला सरावली होती. ते आम्हाला कळलं नाही.

एका रात्री वहिनीनं दादाला हलवलं. "अहो, लयच भुंकून राहिलंय."

"भोंगा हाय तो. झोप."

मी ओसरीवर होतो. हे आपल्यावरचंच भुंकणं, काय खणखणीत उतरलंय, असं कौतुक करत मीही कूस बदलली.

सकाळी वावर उकरलेलं होतं. भोंग्याची बॅटरी उतरलेली. तो कधीचाच बंद पडला होता. कुत्रं माळ्याच्या पायाशी पडलं होतं, पोट सुळ्यानं फाडलेलं. माळ्याच्या खांबावर त्याच्या नखांचे ताजे ओरखडे होते. ते पळून जाऊ शकलं असतं. पण ते माळ्याकडं आलं, वर कुणीतरी झोपलंय असं समजून.

"हाका मारून राहिलं होतं ते," वहिनी म्हणाली. "अन् आपण ऐकत पडलो."

दादानं भोंगा उतरवून गुरांच्या कोठ्यात टाकला. मी शेजाऱ्याकडं गेलो. म्हटलं, कार्डातला आवाज बदला.

"काहून?"

"कुत्रं मेलं ते."

"कुत्रं मेलं साहेब, आवाज तर चांगला हाय की."

"अन् तरी डुकरं आलीच ना?"

"डुकरं तुमच्याकडं गेले. आमच्याकडं कुठं आले?"

मी चहा पिऊन परत आलो.

आवाज अजून वाजतो. दिवे लागले की वहिनी अंगणात थांबत नाही. भाकरी चुलीवर असली तरी दार लोटून घेते. मी अजूनही शनिवारी फाट्यावरून चालत येतो. गाडी उशिरा लागली की वाटेत अंधार पडतो, आणि शेजाऱ्याच्या वावरातून ते माझ्यावर तुटून पडतं. तोच राग, तोच दम. घरचाच हाय मी, असं आता तोंडातून निघत नाही. बॅग सावरतो आणि चोरासारखा भराभर चालतो.