तिचे चार प्रश्न

आज तुम्ही माझ्या चॅनेलवर आलात तर मी एकटीच दिसेन. मागे राखाडी भिंत, समोर टेबल, टेबलावर नवा फोन. पहिली दोन वर्षं मात्र त्या चौकटीत माझ्या शेजारी माझी नणंद बसायची. चॅनेल चाललं ते तिच्यामुळे, आणि तिला तिथून उठवलं मी.

माझं माहेर मोहोपाड्याचं. वडील रसायनीच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होते, त्यामुळे मी कॉलनीत वाढले. आजूबाजूला सांगलीपासून नागपूरपर्यंतची माणसं. सगळ्यांना समजेल अशी पुस्तकी मराठी आम्हा मुलांच्या तोंडात आपसूक बसली. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, पनवेलला मोबाइल दुरुस्तीच्या सेंटरमध्ये दोन वर्षं काढली आणि लग्न होऊन कर्जत तालुक्यातल्या, खालापूरच्या हद्दीजवळच्या एका गावात आले. नवरा खोपोलीला कारखान्यात शिफ्टला जायचा. गावाहून पनवेलची नोकरी जमेना, ती सुटली.

सेंटरमध्ये रोज बघायचे, दुकानदाराने गळ्यात मारलेला फोन घेऊन माणसं रडकुंडीला आलेली असायची. मराठीत साधं आणि खरं सांगणारं कुणीतरी हवं, असं तेव्हापासून डोक्यात होतं. म्हणून घरीच पडवीत व्हिडिओ करायला लागले. जुन्या ओळखीने दोन-तीन दिवसांसाठी नवे फोन मिळायचे. पहिले सहा-सात व्हिडिओ कुणी बघितलेच नाहीत. प्रोसेसर, रॅम, कॅमेऱ्याचे आकडे, मी सगळं नीट वाचून दाखवायचे, आणि नंतर ऐकताना मलाच जांभई यायची.

नणंद माझ्याहून पाच वर्षांनी लहान. दहावी झालेली, घरात आणि शेतावर दिवसभर कामात. माझ्यासाठी ती कॅमेरा धरायची. एकदा बोटाच्या ठशाने फोन कसा उघडतो ते मी दाखवत होते, तर मधेच म्हणाली, "वयनी, माझा आंगठा लाव ना गं, बगू."

भाताची लावणी नुकतीच संपली होती. महिनाभर चिखलात राहून तिची बोटं चिरलेली, घासलेली. मी कॅमेरा स्टुलावर ठेवला आणि तिला समोर बसवलं. तिने अंगठा टेकवला, फोन थरथरला, उघडेना. अंगठा ओढणीला पुसला, पुन्हा टेकवला. दुसरा अंगठा, मग दहाही बोटं. शेवटी फोनकडे बघत म्हणाली, "शेतात राबणाऱ्याला वळखतच नाय गं ह्यो!" आणि जी हसत सुटली ती थांबेना. मीही हसले.

तो व्हिडिओ मी तसाच टाकला. खाली लोक लिहायला लागले. गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बायका, केमिकलमध्ये काम करणारे. आमचाही अंगठा लागत नाही, आमचा फोन खराब नाही हे आज कळलं, असं. त्या एका व्हिडिओने आम्हाला माणसं मिळवून दिली.

तेव्हापासून ती माझ्या शेजारी बसायला लागली. आकडे मी सांगायचे, प्रश्न ती विचारायची. फोन घेऊन ती नदीकाठी जायची, कांबळ्यात गुंडाळून बघायची, गिरणीत पिठाच्या धुरळ्यात तासभर ठेवायची. "कंपनी काय बी बोलंल, आमी बगू ना वापरून," हे तिचं ठरलेलं वाक्य. गावातल्या बायका रस्त्यात अडवून तिला फोन दाखवायच्या. मला कुणी अडवत नसे.

वाईट लिहिणारेही होते. 'या बाईला आधी मराठी शिकवा.' 'हाय नाय काय लावलंय?' असलं दिसलं की मी ते झटपट पुसून टाकायचे. तिने ते वाचलं नसणार, असं मी धरून चालले होते.

मग मुंबईहून एका जाहिरात एजन्सीच्या बाईंचा फोन आला. एका कंपनीचा महागातला फोन येणार होता. मराठीतले चार-पाचच लोक त्यांनी निवडले होते, त्यात मी. हवं ते बोला, वाईट असेल तर वाईट म्हणा, म्हणाल्या. मग जरा थांबून, "फक्त तुम्ही एकट्याच असा हं. तुमची भाषा छान, स्वच्छ आहे. त्या दुसऱ्या ताई गोड आहेत, पण या फोनला ते जरा गावठी वाटेल."

त्यावर काय म्हणायला हवं होतं ते मला आता झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. तेव्हा मी म्हणाले, "हो, चालेल." विचार करून कळवते, एवढंसुद्धा म्हणाले नाही.

घरी कुणाला सांगितलं नाही. फोनचं पार्सल मोहोपाड्याच्या पत्त्यावर मागवलं. माहेरी जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बाय, समज, खूप भारी फोन आला, तर तू काय काय विचारशील?"

तिचे हात थांबले. डोळे चमकले. "आलाय का गं?"

"नाही गं, समज म्हटलं."

तिने सुपातले तांदूळ बोटाने सारखे करत एकेक सांगितलं. भर उन्हात बांधावर उभं राहिलं तर पडद्यावरचं दिसतं का? रेंजची एकच कांडी असली तर बोलणं तुटतं का? हात ओले असले तर आलेला फोन उचलता येतो का? आणि चौथा, "म्हाताऱ्या मानसाला अक्षर मोठं करून दिलं, तर बटनं पडद्याभायेर तर जात नाय ना?"

हा चौथा प्रश्न मला सात जन्मात सुचला नसता.

मोहोपाड्याला आईच्या घरी, पांढऱ्या भिंतीसमोर मी तो व्हिडिओ केला. चारही प्रश्न घेतले. माझेच असल्यासारखे, स्वच्छ मराठीत.

व्हिडिओ आला त्या दिवशी मी सासरी परतले होते. सकाळची वेळ. ती ओटीवर पाय सोडून बसली होती, हातात फोन. माझाच आवाज माझ्या कानावर आला. मी दारात थांबले. ती शेवटपर्यंत बघत होती. चौथा प्रश्न आला तेव्हा तिने मान जराशी वर केली, पण मागे वळली नाही. संपल्यावर, दर वेळी द्यायची तसा, तिने त्याला लाइकचा अंगठा दिला.

"चांगला झालाय," म्हणाली, आणि दोरीवरचे कपडे काढायला गेली.

मला भांडण हवं होतं. मनात उत्तरं तयार करून ठेवली होती. पुढच्या वेळी तूच असशील, हे आपल्या दोघींच्याच भल्याचं आहे, असली. ती कधी लागलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासमोर कप ठेवला आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही चहा घेता का?"

मी हसले. मला वाटलं, माझी नक्कल करतेय. ती हसली नाही. त्या दिवसापासून माझ्याशी ती तसंच बोलायला लागली. आहे, नाही, तुम्ही. शब्द जपून, एकेक पाऊल टाकल्यासारखे. सासूबाईंशी, भावाशी, शेजारणींशी पूर्वीसारखीच. मी आले की बदलायची. आणि एकदाही मला 'गं' म्हणाली नाही.

महिन्याभराने मी नवा फोन आणला, दोन खुर्च्या मांडल्या, तिला हाक मारली. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"तुम्ही करा, वहिनी. मला काम आहे."

"बाय, चुकलं माझं. राग काढ, बोल काहीतरी."

"राग नाही. लोकं खाली लिहायची ना, ते मी सगळं वाचायची. तुम्ही पुसायच्या आधी. तेव्हा मला काय वाटायचं नाही. म्हणायची, वयनी हाय ना माझ्या बाजूला." ती थांबली, ओठ चावला, वाक्य दुरुस्त केलं. "वहिनी आहे ना. मग तुम्हीच मला काढलंत. तुम्ही शिकलेल्या. म्हणजे ते लिहिणारे खरंच बोलत असतील."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो ओढून घेतला नाही. नुसता माझ्या हातात राहू दिला. ते जास्त वाईट होतं.

थोड्या दिवसांनी ती खोपोलीच्या बाजूला एका कारखान्यात पॅकिंगला लागली. पुढच्या वर्षी लग्न होऊन खालापूरला गेली. चॅनेल वाढत गेलं. कंपन्या थेट मला फोन पाठवू लागल्या, पडवीच्या जागी खोली झाली, राखाडी रंगाची भिंत झाली. माझे प्रश्न आता बरे असतात. तिच्यासारखे नसतात. जुने प्रेक्षक बरेच दिवस विचारत होते, त्या ताई कुठे गेल्या? मी लिहायचे, लग्न झालं त्यांचं. ते खोटं नव्हतं.

भाऊबीजेनंतर एकदा मी आणि नवरा तिच्याकडे गेलो. ती चहा करायला आत गेली. शेजारीण आली असावी. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. "नाय गं, खोटं बोलतंस!" आणि ते हसणं, थांबता न थांबणारं. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठले. मला दारात बघताच हसणं आवरलं.

"तुम्ही कशाला उठलात, वहिनी? मी आणते ना."

निघताना तिने मला एकटीला गाठलं. "एक मागू? ते जुने व्हिडिओ काढून टाकाल का? इकडच्यांनी शोधून काढलेत. माझ्या बोलण्याच्या नकला करतात, हसतात."

दोन दिवसांनी, सकाळी सगळे कामाला गेल्यावर, मी बसले आणि एकेक व्हिडिओ काढला. अंगठ्याचा सगळ्यात शेवटी. तो काढताना यंत्राने दोनदा विचारलं, नक्की का? मी दोन्ही वेळा हो म्हटलं. प्रत ठेवली नाही. ती ठेवायचा मला हक्क आहे असं वाटलं नाही.

एक गोष्ट मात्र मला माहीत नव्हती. लेक सासरी गेल्यापासून सासूबाई दुपारी जेवणं आवरली की नातेवाइकांनी दिलेल्या जुन्या फोनवर तेच व्हिडिओ लावून बसायच्या. वाचता येत नाही. चित्र बघून ओळखायच्या. त्या दुपारी त्या फोन घेऊन माझ्याकडे आल्या.

"बग गं जरा काय झालंय. आमची बाय दिसत नाय ह्यात."

मी फोन हातात घेतला. पडदा वर-खाली केला, जसं काही शोधतेय. सगळीकडे मीच होते. मग त्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, काय केलं, कुणी सांगितलं म्हणून केलं, आणि ते तसं का झालं. पांढऱ्या भिंतीपासून सगळं.

त्यांनी पूर्ण ऐकलं. फोन परत घेतला, बंद केला, कमरेला खोचला.

"मग आता मी काय बगू?" म्हणाल्या. रागाने नाही. खरंच विचारत होत्या.