बाकासकट

"कंटेनर आला रे! माल उतरवा."

दर मंगळवारी सर हे बोलायचे आणि सगळा वर्ग खिदळायचा. आमच्या गावात घरटी एक तरी माणूस बंदरावर ट्रेलरला, त्यामुळे विनोद सगळ्यांना कळायचा. कंटेनर म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या, शाळाशाळांतून फिरणाऱ्या विशेष शिक्षिका. माल म्हणजे मी.

जन्मापासून माझे पाय आखडलेले, जीभ जड. डोकं ठणठणीत. पण ते विचारतो कोण? दोन पोरं यायची, काखेत हात घालून मला उचलायची आणि व्हरांड्यात, चपलांच्या शेजारी, गोणपाटावर ठेवायची. विशेष बाई माझ्यापुढे मण्यांचा डबा ओतायच्या. लाल मणी, पिवळा मणी, ओव. सहावीतल्या पोरीला मणी! आत अपूर्णांक चाललेले असायचे. माझ्या डोक्यावर भिंतीवर रंगवलेलं होतं, 'सर्वांसाठी एकच वर्ग'.

एकदा सरांनी आत विचारलं, एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती? सगळ्यांची डोकी वहीत. मी खिडकीतून ओरडले, "पाच षष्ठांश!" माझ्या तोंडून ते लांबत, लाळेसकट आलं. पोरं लोळून हसली. सर म्हणाले, "तू मणी ओव." उत्तर बरोबर की चूक, तेवढंही सांगितलं नाही मेल्यानं.

पुढच्या मंगळवारी बाई दारात आल्या. सर अजून काही बोललेही नव्हते. बघते तर माझं दप्तर बंद आणि माझे दोन्ही हात वर. पोरांनी उचलावं म्हणून! माझे मीच वर केले होते. अंगाची नुसती आग झाली. इतकं वळण लावलं होतं मला, दावणीच्या वासराला लावतात तसं.

हात खाली घेतले. बाकाला मिठी मारली.

"मी न्हाय जायाची."

पोरांनी ओढलं. बाक फरफटला, मी सोडला नाही. विशेष बाई कानाशी आल्या, "चल ना गं बाळा, माझी नोकरी कंत्राटी आहे." दया आली त्यांची. तरी सोडला नाही.

सरांनी आईला मिठागरावरून बोलावून घेतलं. "हिला घरीच ठेवा. बाकीच्यांचं नुकसान होतं." आईनं त्यांच्यापुढे हात जोडले. मग माझ्याकडे वळली, "बाय गो, सर सांगतान तसा कर. न्हायतर घरान बसशील." आईसुद्धा! माझ्या बाजूनं एक माणूस बोलला नाही. शेवटी बोटं सोडवून मला बाहेर ठेवलंच.

आता मी सातवीत आहे. सर तेच, मणी तेच, विनोदही तोच. काही बदलेल असं मला वाटत नाही.

उद्या मंगळवार. माझे हात वर होणार नाहीत. बाहेर काढायचं असेल तर बाकासकट उचला मला.