नळाच्या खड्ड्यातला पाहुणा

आमच्या कंपाउंडच्या भिंतीला तळाशी एक भोक आहे आणि ते मी गवंडी बोलावून, त्याला दोनदा चहा पाजून, मुद्दाम पाडून घेतलेलं आहे.

कल्पना माझ्या नणंदेची. शुभा इंग्लंडमध्ये असते आणि तिथल्या उन्हाळ्यात (ज्यात आपण शाल पांघरू!) ती रोज बागेचे व्हिडिओ पाठवते. गुडघाभर गवत, कोपऱ्यात कुजत ठेवलेली लाकडं, पाचोळ्याचा ढीग आणि कुंपणाला भोक. त्या भोकातून म्हणे हेजहॉग येतो. हेजहॉग म्हणजे उंदीर आणि साळिंदर यांच्या संसारातलं लेकरू! "वहिनी, बाग आवरायचीच नाही. जिवाजंतूंना आसरा द्यायचा," असं ती म्हणाली आणि मी त्याच दिवशी खराटा माळ्यावर टाकला. काम न करण्याची इतकी सुसंस्कृत सबब मला जन्मात मिळाली नव्हती.

सासूबाईंना मात्र ते पटेना. त्या कन्नड तालुक्यातल्या, शेतात वाढलेल्या.

"मंगल, हे काय उकिरडं मांडलंस गं दारात?"

"आई, जिवाजंतूंनी यावं म्हणून आहे ते."

"यील की. न यायला काय झालं? पर तू बोलावशील तोच यील कशावरून?"

मे महिना आला. शुभा रविवारी सकाळी नवरा आणि दोन मुलं घेऊन येणार होती आणि आमच्या नळाचा दिवस शनिवार. आमच्या संभाजीनगरात नळ आठ-आठ दिवसांनी येतो. त्या दिवशी हौद भरला तर भरला, नाही तर पुढचा आठवडा शेजाऱ्यांपुढं तोंड वेंगाडायचं. त्यात पाण्याला जोर नाही, म्हणून नळ कंबरभर खड्ड्यात घेतलेला. नळ आला की खड्ड्याचं लोखंडी झाकण काढायचं, खाली उतरून मोटारीचा पाइप जोडायचा. आणि तो खड्डा नेमका माझ्या रानटी कोपऱ्यात, लाकडांच्या ढिगाला चिकटून!

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंनी काठीच्या टोकावर काहीतरी लटकवून आणलं. सापाची कात! चांगली ओढणीएवढी लांब.

"आला गं तुझा पाव्हणा," त्या म्हणाल्या. "अंगरखा काढून ठिवलाय, म्हंजी मुक्काम लांबचा दिसतोय."

शुभाची मुलं त्या गवतात अनवाणी पळणार होती आणि हा पाहुणा मी भोक पाडून बोलावलेला. आम्ही दाराच्या फटींत टॉवेल कोंबले, मोरीच्या जाळीवर बादली ठेवली, बादलीवर वरवंटा ठेवला आणि झोपलो. म्हणजे नुसते पडलो.

शनिवारी सकाळी सासूबाई मारुतीला गेल्या. हे पाइप घेऊन खड्ड्याकडं निघाले. मागून मी, हातात तोच माळ्यावरचा खराटा. ह्यांनी झाकण वीतभर उचललं आणि आतून आवाज आला...

फुस्सस्सस्स!

ह्यांनी झाकण टाकलं, पाइप टाकला, मला टाकलं आणि थेट पोर्चमधल्या स्कूटरवर जाऊन उभे राहिले.

"दिसला का?" मी धापा टाकत विचारलं.

"दिसेपर्यंत थांबायचं असतं का?"

"केवढा असेल?"

"आवाजावरून तरी नागच. आणि रागावलेला."

आरडाओरडा ऐकून शेजारचे शेखभाई बॅट घेऊन आले. "डरो नक्को भाभी, मैं देखता," म्हणत त्यांनी झाकणाला कान लावला. दुसऱ्या क्षणी त्यांचा रंगच उडाला. "भाभी, दो हैं! एक सांस लेता, एक छोड़ता!" एवढं बोलून तेही स्कूटरकडं आले.

सर्पमित्राला फोन लावला, तर तो पैठणला दुसऱ्या कोणाचा तरी नाग धरायला गेलेला. "झाकण उघडू नका, वर वजन ठेवा," म्हणाला. मग ह्यांनी आणि शेखभाईंनी स्वयंपाकघरातला दगडी पाटा उचलला आणि झाकणावर ठेवला. (ह्यांनी डोळे मिटून!)

आणि तेवढ्यात गल्लीत एकेक मोटार घरघरायला लागली. "नळ आला! नळ आला!"

आमचा हौद कोरडा ठणठणीत. उद्या विमानातून उतरलेली मुलं तोंड कशानं धुणार?

"जा ना हो, पटकन पाइप जोडून या," मी म्हटलं.

"मी? भोक कोणी पाडलं?"

मी हातात सांडशी घेतली (साप सांडशीत धरायचा, असं काहीतरी डोक्यात असावं), सापाला "आस्तिक, आस्तिक" अशी शपथ घालत चार पावलं गेले. खड्ड्यातून आवाज आला, गुळूक... गुळूक...

"भाभी, कुछ निगल रहा वो!" शेखभाई ओरडले.

मी पुढं गेले त्याच्या दुप्पट वेगानं परत आले. थोड्या वेळानं झाकणाच्या कडेनं पाणी वर यायला लागलं. "पाण्याबरोबर तोही येणार!" हे किंचाळले. तिघंही जिन्यावर चढलो आणि तिथून आठ दिवसांचं पाणी डोळ्यांदेखत वाहताना पाहत बसलो. लाकडं भिजली, पाचोळा तरंगला, कोपऱ्याचं डबकं झालं आणि राहिलेलं सगळं पाणी त्या भोकातून रस्त्यावर गेलं. मला अक्षरशः रडू फुटलं.

नळ जाता जाता सासूबाई प्रसाद घेऊन आल्या.

"पाणी रस्त्यावर अन् मोटार बंद? काय झालं?"

"आई, पुढं जाऊ नका! नाग आहे खड्ड्यात!"

त्यांनी ऐकलं नाही. लेकाला दटावून खाली उतरवलं, पाटा सरकवायला लावला, झाकण काढलं. खड्डा काठोकाठ भरलेला, स्वच्छ, आणि तळाशी उघड्या नळातून बुडबुडे निघत होते. बाकी कोणी नव्हतं.

"ह्यो तुमचा नाग?" सासूबाई म्हणाल्या. "पाणी यायच्या आदी नळातून हवा सुटती ती! आठ दिस ज्याची वाट बघायची, त्यो आला तर त्याच्या उरावर पाटा ठिवायचा व्हय?"

गेली कितीतरी वर्षं मी त्याच फुसफुशीनं जागी होते. झोपेत ओळखते. पण दारात कात सापडली की माणसाचे कान आपले राहत नाहीत. ती कात कोणाची, हे आजतागायत कळलेलं नाही आणि मला कळूनही घ्यायचं नाही.

खड्ड्यातून बादल्या भरून जेवढं निघालं तेवढ्यावर पाहुण्यांची सोय केली. रविवारी शुभा आली, डबकं पाहून तिनं मला मिठीच मारली. "वहिनी, तळंसुद्धा केलंस! एवढ्या उन्हाळ्यात!"

"हो," मी म्हटलं. "पाखरांना लागतं ना पाणी."

मग ती हातपाय धुवायला आत गेली. भरून ठेवलेल्या बादल्या सोडून तिनं सवयीनं नळच सोडला. आतून आवाज आला, फुस्सस्सस्स!

"वहिनी, नळाला नुसती हवाच येतेय गं!"

उत्तर द्यायला मी जमिनीवर नव्हते. डायनिंग टेबलावर होते. हे माझ्या आधीच चढलेले होते. त्यांनी जरा सरकून मला जागा करून दिली.