दूध निवायच्या आधी

त्या दुष्काळात कुणी 'कसं चाललंय' विचारलं की मी 'मस्त' म्हणायची. खरं सांगायला वेळ लागला असता, आणि वेळच तर नव्हता.

आमचं गाव शिरूर कासार तालुक्यातलं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला जातं. त्या वर्षी पाऊसच नव्हता, त्यामुळे एरवी घरी राहणारेही गेले. माझा नवरा माजलगावकडच्या एका कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवत होता. मागे मी, पहिलीतली मुलगी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि बायकांची दूध संस्था. संस्थेची सचिव मी. बारावी झालेली सून गावात एकच, म्हणून कुणालाच नको असलेलं काम फिरून फिरून माझ्या दारात यायचं. टँकरच्या खेपा लिही, चारा छावणीतल्या जनावरांची यादी फोनवरून तालुक्याला पाठव, बचत गटाचा ठराव कर. फोनवर पाच ग्रुप होते आणि पाचही ग्रुपना उत्तर आत्ताच्या आत्ता हवं असायचं. एक ना धड भाराभर चिंध्या. पण खोटं कशाला बोलू, त्या चिंध्यांचा मला गर्व होता. 'ती हाय म्हणून चाललंय' हे कुणाच्या तोंडून ऐकलं की दोन दिवस माझे पाय जमिनीला लागायचे नाहीत. मी कुणाला नाही म्हणत नव्हते आणि कुणाकडं काही मागतही नव्हते.

दुधात पाणी आहे का ते बघायला काचेची एक तरंगती कांडी असते. तिला आम्ही डिग्री म्हणतो. नळीभर दुधात सोडली की चांगल्या दुधात ती वर राहते, पाणी घातलेल्या दुधात खाली जाते. एकच पथ्य पाळायचं. दूध निवलेलं पाहिजे. धारेच्या कोमट दुधात कांडी उगाचच खाली जाते, मग दूध कितीही चोख असो. म्हणून टेबलाखाली गार पाण्याची बादली ठेवायची, नळी त्यात बुडवून निववायची आणि मगच डिग्री लावायची. ज्या बाईच्या दुधात पाणी सापडेल तिचं नाव बाहेरच्या फळ्यावर लिहायचं आणि आठ दिवस तिचं दूध बंद, असा आमच्या संस्थेचा नियम होता. बैठकीत हा नियम मीच मांडला होता आणि बायकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

त्या सकाळी बादली कोरडी होती. टँकर दर चौथ्या दिवशी यायचा आणि मागच्या खेपेला मी छावणीची यादी भरत बसले, तेवढ्यात टँकरनं विहिरीत सोडलेलं पाणी संपलं होतं. घरात वापरायच्या पाण्याची जी शेवटची बादली होती तिच्यात मी पहाटे मुलीचा शाळेचा गणवेश धुतला. शाळेत कुणी साहेब येणार होते आणि बाईंनी ग्रुपवर 'गणवेश स्वच्छ असावा' असं तीनदा टाकलं होतं. एक दिवस चालवून घेऊ, असं म्हणून मी संस्थेचं शटर वर केलं.

रांगेत पहिल्या नेहमीप्रमाणे आत्या होत्या. नात्यानं आत्या नव्हेत, अख्खं गावच त्यांना आत्या म्हणायचं. संस्थेच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मुलगा आणि सून ऊसतोडीला, घरात एक नात आणि एक गाय. त्या किटलीभर दुधावरच गाईची पेंड आणि दोघींचा किराणा चालायचा. वाड्या-वस्त्यांवरच्या बायकांचं दूध रस्त्यात निवून यायचं. आत्यांचं धार काढल्या काढल्या यायचं, अंगावर वाफ असलेलं.

मी नळी भरली. फोन वाजला, नवऱ्याचा. तो खांद्यात धरून मी डिग्री सोडली. तेवढ्यात दुसरीकडून टँकरवाल्याचा फोन यायला लागला. बाहेर कुणीतरी ओरडलं, "बाई, दुधाची गाडी यायचा टाइम झाला!" मी कांडीकडं बघितलं. ती बुडाली होती.

"पाणी हाय," मी म्हणाले.

उचलली जीभ लावली टाळ्याला. नळी बाजूला ठेवून हाताशी येईल ते पुढचं दूध घ्यायला मी मोकळी झाले होते.

आत्या हलल्या नाहीत. "पाणी?" त्या म्हणाल्या. "आगं, घोट-घोट मोजून पाणी पिती मी, ते दुधात कशाला घालू?"

रांगेत कुणीतरी हसलं. मला ते हसू माझ्यावरच आहे असं वाटलं आणि डोकं फिरलं. "नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणाले आणि बाहेर जाऊन फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं. आत्यांनी किटली उचलली आणि कुणाकडंही न बघता घरी गेल्या.

गाडी गेल्यावर मी भांडी आवरायला घेतली. आत्यांच्या दुधाची नळी तशीच होती. हाताला गार लागली. का कोण जाणे, मी तिच्यात पुन्हा डिग्री सोडली. कांडी वर आली आणि तिथंच तरंगत राहिली. दूध चोख होतं.

मी दाराकडं बघितलं, कुणी नव्हतं. नळीतलं दूध मोरीत ओतलं आणि खूण राहू नये म्हणून वर हात फिरवला. आजही ते आठवलं की स्वतःचीच किळस येते.

मग संस्थेच्या चेअरमन काकूंना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "गप बस," त्या म्हणाल्या. "आठ दिवसाचा तर प्रश्न हाय. तू चुकली म्हणलीस तर उद्या सगळ्या उठतील, माझं बी चुकलं आसंल म्हणत्याल. संस्था बसंल. आन् तुला कोण ठेवंल मग?" त्यांचं चूक होतं असंही नाही. मागच्या महिन्यात मी चार बायकांची नावं लिहिली होती. त्यातली किती अशीच घाईत लिहिली, हे माझं मलाही सांगता आलं नसतं.

दिवसभर मी कामं केली, त्यांना तोटा नव्हताच. छावणीची यादी, सासूबाईंची औषधं, ठराव. पण फोन वाजला की दचकायला व्हायचं. दुपारी मुलगी शाळेतून आली. आत्यांची नात तिच्याच बाकावर बसायची.

"आज मी तिच्याजवळ बसले नाही," दप्तर टाकत ती म्हणाली. "तिची आजी फळ्यावर हाय ना."

अंगात तोच गणवेश होता, पांढरा स्वच्छ. मी तिच्यावर हात उगारला. मग तो हात तसाच खाली घेतला, कारण चुकली होती ती नव्हे.

दिवस मावळायच्या आधी मी आत्यांकडं गेले. त्या गाईपुढं कडब्याची चार धाटं बारीक करून टाकत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बादली कोरडी होती, दूध गरम होतं, तुमच्या दुधात काही नव्हतं, चूक माझी. बोलता बोलता रडू आलं. आता त्या जवळ घेतील, असं कुठंतरी वाटत होतं, तेही सांगायलाच हवं.

त्यांनी हातातलं धाट मोडलं. "हितं कावून सांगती? हितं मी आन् गाय. आमाला दोगींना ठावंच हाय." त्या माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "जितं बोल्लीस तितं बोल."

सकाळी शटर उघडलं तेव्हा रांग लागलेली होती. आत्या रांगेत नव्हत्या. आपल्या दारात, रिकाम्या हातानं उभ्या होत्या. बादलीत तळाला तांब्याभर पाणी होतं. पिण्याच्या हंड्यातलं तेवढंच माझ्या घरात उरलं होतं. मी फोन बंद करून खणात टाकला आणि बाहेर आले.

"काल आत्यांच्या दुधात पाणी नव्हतं," मी म्हणाले. "मी दूध निववलं नाही. घाई केली. नाव चुकून लिहिलं." आणि पदरानं फळा पुसला.

मागून आवाज आला, "आन् माजं? गेल्या म्हैन्यात?"

"माजं बी लिवलं हुतं!"

"आठ दिस दूध घरात नासलं माजं!"

रांग मोडली. किटल्या टेबलावर आदळायला लागल्या. जिला तिला आपलं दूध आधी आणि सगळ्यांसमोर तपासून हवं होतं. काकूंनी सांगितलं होतं, अगदी तसंच घडत होतं. गाडी यायला अर्धा तास होता. चाळीस किटल्या आणि तांब्याभर पाणी. चार नळ्या बुडवल्या की तेही कोमट होणार. शटर ओढावं आणि आत बसावं, एवढंच मनात येत होतं.

आत्या दारातून आल्या. वाट करत टेबलापाशी पोचल्या आणि वाकून बादलीत बघितलं.

"एवड्याशा पाण्यात निववणार तू?"

मी पायानं बादली टेबलाखाली सरकवली.

"काल तर एवडं बी नव्हतं?"

मी मान हलवली.

"भिंतीपल्याड माजा अर्दा रांजण भरल्याला हाय. काल बी हुता." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मला पाणी घालणारी म्हणलीस, पर मला पाणी मागवलं न्हाई तुज्यानं?"

पाणी मागितलं असतं तर 'तिला जमत नाही' असं झालं असतं. तेवढं होऊ नये म्हणून मी एका बाईला लबाड ठरवलं होतं.

"आता पायजे का?" आत्यांनी विचारलं.

'नको, होईल माझं' हे ओठावर आलंच होतं, इतकी जुनी सवय.

"दोन हंडे," मी म्हणाले. "आणि माझ्याजवळ थांबा. मला एकटीला हे होत नाही."