एकाच मापाचे अण्णा

शाळेत वर्षानुवर्षे पुढे असणाऱ्या मुली कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी एक पायरी खाली का उतरतात, या प्रश्नाचे उत्तर शोधावे म्हणून मी हे लिहायला घेतले आहे. मी बंगळुरूच्या उत्तर भागात, हेब्बाळच्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते. दहावीच्या निकालाच्या दिवशी आमच्या सूचनाफलकावर वरची नावे बहुधा मुलींची असतात. दोन वर्षांनी तीच मुले पेढे घेऊन भेटायला येतात, तेव्हा नामांकित कॉलेजांची नावे मात्र बहुधा मुलांच्या तोंडून ऐकू येतात. मधल्या काळात काय घडते, याची कारणे सांगणारी मंडळी पुष्कळ आहेत. मला पटलेले उत्तर आमच्या समोरच्या दारात मिळाले, आणि ते ज्यांच्याकडून मिळाले ते गृहस्थ असे, की मुलगा आणि मुलगी यांना एका मापाने मोजणारा इतका कट्टर माणूस अख्ख्या बंगळुरूत दुसरा सापडायचा नाही.

समोरचे अण्णा मूळचे निपाणीचे. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. कारखान्याने त्यांना लवकर निवृत्त केले. तपासणीने त्यांना निवृत्त केले नाही. काकडी घेताना ते ती खिशातल्या पोलादी पट्टीला लावून बघत आणि "स्वल्प वाकडी आहे" म्हणून भाजीवाल्याला परत करीत. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर जमिनीशी बरोबर टेकते की नाही, हे वाकून पाहिल्याशिवाय ते तिच्यातून बाहेर पाऊल टाकीत नसत, त्यामुळे मागच्या माणसांना त्यांच्याबरोबर पुढच्या मजल्याची यात्रा घडे. अशा माणसाला देवाने जुळी मुले दिली, एक मुलगी आणि एक मुलगा, हा मी देवाचा विनोद समजते. अण्णांनी मात्र ती जबाबदारी समजली. गौरी आणि गिरीश यांतले आधी कोण जन्मले, हे त्यांनी मुलांना शेवटपर्यंत कळू दिले नाही. "दोन नमुने, यंत्र एकच," ते मला म्हणाले होते. "आता फरक आला तर तो आपल्या कामातला, टीचर. मालात खोट नाही."

त्यांनी दोघांची अभ्यासाची टेबले प्लायवुडच्या एकाच फळीतून कापून घेतली. सुताराने पैसे घेऊन जिना उतरायला सुरुवात केली, तोच अण्णांनी सपाटी तपासणारी पाण्याच्या बुडबुड्याची पातळी दोन्ही टेबलांवर ठेवली आणि त्याला परत बोलावले, कारण गौरीच्या टेबलाचा बुडबुडा केसभर डावीकडे जात होता. "अण्णा, लिहिताना कळणार पण नाही," सुतार कन्नडमध्ये काकुळतीने म्हणाला. "तिला कळणार नाही, तिच्या अक्षराला कळेल," अण्णा म्हणाले. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याला जाऊ द्या. नाहीतर त्यालाही तिसरं टेबल टाकून इथंच अभ्यासाला बसवा."

पुढे त्यांच्या ध्यानात आले, की दाराची घंटा वाजली की गौरी अभ्यासातून उठते आणि गिरीशला घंटा ऐकूच येत नाही. मुलाचे कान तपासले. ते उत्तम निघाले. मग अण्णांनी नियम केला, की विषम तारखेला दार गौरीने उघडायचे आणि सम तारखेला गिरीशने. काही महिने हे सुरळीत चालले. नंतर एके दिवशी ते गणिताची शंका घेऊन माझ्याकडे आले, आणि त्यांचा चेहरा खरोखर उतरलेला होता. महिना एकतीस दिवसांचा असला, की एकतीस आणि एक अशा दोन विषम तारखा लागोपाठ येतात आणि गौरीवर अन्याय होतो. यावर उपाय म्हणून एकतीस तारखेला आणि लीप वर्षातल्या एकोणतीस फेब्रुवारीला दार स्वतः अण्णा उघडू लागले. गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूस एकदा मला म्हणाला, "त्या घरात आज साहेब स्वतः दार उघडायला आले, म्हणजे महिना संपला."

डोशांच्या बाबतीतही तेच. पहिला गरम डोसा कुणाला, यावर त्यांनी विचार सुरू केला, तेव्हा वहिनींनी तो जागीच संपवला. "पहिला डोसा तव्याला चिकटतो. तो तुम्ही खा." अण्णांनी तो निकाल मान्य केला आणि त्या घरातला प्रत्येक फाटका डोसा तक्रार न करता खाल्ला.

पाहुण्यांची तर परीक्षाच असे. निपाणीहून आलेल्या एका मावशींनी रीतीप्रमाणे गिरीशला विचारले, "कितवा नंबर आला रे?" आणि गौरीला विचारले, "भाकरी येते का गं?" अण्णांनी त्यांना हात जोडून विनंती केली, की दोन्ही प्रश्न दोघांना विचारावेत. मावशी गोंधळल्या, पण भल्या होत्या. गिरीश म्हणाला, "येते की, पण गोल नाही." गौरी म्हणाली, "मला येत नाही. नंबर पहिला आला." मावशी बराच वेळ दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या.

मलाही त्यांनी सोडले नाही. दोघांचे सरावाचे पेपर ते माझ्याकडे नावे झाकून आणत, आणि मी गुण दिल्याखेरीज नावे उघडत नसत. खरे सांगायचे तर नाव झाकून उपयोग नव्हता. एका पेपरात प्रत्येक पायरी लिहिलेली असे आणि उत्तराखाली पट्टीने रेघ असे, दुसऱ्यात प्रश्नानंतर एकदम उत्तर, आणि तेही समासात. गौरीला नेहमी थोडे अधिक गुण पडत. अण्णा याने अस्वस्थ झाले. दोघांना गणित सारखेच येते, हे त्यांनी तोंडी विचारून पाहिले होते. विचार करून त्यांनी निष्कर्ष काढला, की गिरीशच्या गिचमिड पेपरावर आजपर्यंत कुणी रागावलेच नाही, सगळे हसले. गौरीच्या बाबतीत मात्र कुणी हसले नव्हते. त्या दिवसापासून गिरीशने पायऱ्या लिहायला सुरुवात केली. पालकसभेत अनेक आईवडील मला सांगतात, "मुलगा हुशार आहे, फक्त मेहनत करत नाही," आणि तितकेच गुण मिळवणाऱ्या मुलीविषयी सांगतात, "मेहनती आहे हो." अण्णा दोघांविषयी एकच वाक्य बोलत, आणि ते वाक्य "अजून वाव आहे" हे असे.

अशा घरात दोन्ही मुले पीयूसी, म्हणजे इकडची बारावी, झाली, प्रवेश परीक्षा झाली, आणि क्रमांक लागले. दोघांचेही चांगले होते. गौरीचा पुढे होता. दोघांनाही संगणकाची शाखा हवी होती. आता ज्यांना ही पद्धत ठाऊक नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगते, की इथे विद्यार्थ्याने कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असतो. संगणक त्या क्रमाने वरून खाली येतो आणि तुमच्या क्रमांकाला जी पहिली जागा मिळू शकते, ती देऊन थांबतो. खाली याहून चांगले काही लिहिलेले असले, तरी तो तिथे पोहोचत नाही. खऱ्या वाटपाआधी एक नमुना वाटप जाहीर होते. त्यात जागा फक्त दिसते, आणि ती पाहून क्रम बदलायला थोडी मुदत मिळते.

नमुना वाटप लागले त्या संध्याकाळी अण्णा माझ्या दारात आले. "टीचर, या की जरा. सरकारी यंत्रात बिघाड आहे."

मी गेले. पडद्यावर गिरीशच्या नावापुढे शहराच्या दक्षिण टोकाचे, ज्याचे नाव घेताच लोक मान डोलावतात, ते जुने कॉलेज होते. गौरीच्या नावापुढे देवनहळ्ळीच्या रस्त्यावरचे, अलीकडे सुरू झालेले, बरे म्हणावे असे कॉलेज होते.

"रँक हिची पुढे, कॉलेज माझं पुढे," गिरीश म्हणाला. "मी काही लाचबिच दिली नाही हं."

"उद्या सकाळी तक्रार करतो," अण्णा म्हणाले.

गौरी शांतपणे वडिलांना म्हणाली, "यंत्र बरोबर आहे, अप्पा. मी जे सगळ्यात वर लिहिलं, तेच दिलंय."

"मग ते वर का लिहिलंस?"

"मी कुठं लिहिलं? आपण दोघांनी बसून लिहिलं."

"गिरीशबरोबरही मीच बसलो होतो. त्याच खुर्चीवर. तितकाच वेळ."

"वेळ तितकाच होता. प्रश्न काय विचारला होतात, ते आठवा."

अण्णा गिरीशकडे बघू लागले. तो खाली बघत म्हणाला, "मला विचारलंत, सगळ्यात भारी कॉलेज कुठलं."

"आणि मला विचारलंत, घरी किती वाजता पोचशील."

वहिनी हातातले ताट तसेच धरून उभ्या राहिल्या. अण्णांनी दुबळा प्रयत्न केला. "अगं, दोन बस, मध्ये मेट्रो. अर्धा दिवस रस्त्यात जाईल, नाहीतर हॉस्टेलवर राहावं लागेल. हे कॉलेज कसं, बस घराशी सोडते."

"मग गिरीशला रस्ता वेगळा आहे काय? त्याला बघून ट्रॅफिक बाजूला होतंय?"

"तुझं बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या. "पण त्यांना एकट्यांना बोलू नको. मी असते तर मीही तेच विचारलं असतं."

अण्णा खुर्चीत बसले. ज्या माणसाने लीप वर्षातला एक दिवस सुटू दिला नाही, त्याच्या हातून सगळ्यात मोठी मोजणी सुटली होती, आणि ती सुटली आहे हे त्यांना सांगावे लागले होते. क्रम बदलण्याची मुदत दुसऱ्या दिवशी दुपारी संपत होती. नुसते बदलायचे एवढेही सोपे नव्हते. मी शिक्षिका असल्यामुळे जे खरे ते सांगणे भाग होते. गिरीशला दिसलेली जागा अगदी काठावरची होती. पुढच्या क्रमांकाची एक मुलगी त्या कॉलेजात आली, तर ती जागा त्याच्या हातून जाईलच असे नाही, पण जाऊ शकते.

अण्णांनी मुलाकडे पाहिले. मला वाटते, त्या क्षणी त्यांना पट्टी, पातळी, काहीच आठवले नसावे.

गिरीश म्हणाला, "माझ्याकडं काय बघताय, अप्पा? सरी, ठीक आहे. माझी गेली तर गेली. हिचा नंबर पुढे आहे."

"आणि तुला नंतर वाटलं तर?"

"वाटेल की थोडं. भांडू आम्ही. नाहीतरी भांडतोच."

गौरीने पहिल्यांदा मान वळवून भावाकडे पाहिले. "हॉस्टेलचा डबा मी तुला देणार नाही," ती म्हणाली.

अण्णा मला पोचवायला बाहेर आले. जिन्याजवळच्या खिडकीतून हेब्बाळच्या तळ्यावरचा उजेड मावळताना दिसत होता. ते कठड्याला हात लावून म्हणाले, "टीचर, ती कमी आहे असं मला कधी वाटलं नाही हो. गिरीश लांब गेला असता, तर मी चार लोकांत सांगितलं असतं. ही लांब गेली तर मी संध्याकाळी बोलायचं कुणाशी, हा विचार आला. तेवढाच आला. आणि त्या एका विचारानं तिचं कॉलेज खाली सरकलं." मग ते म्हणाले, "रागानं केलेलं माणसाला दिसतंय. मायेनं केलेलं तपासायचं राहून जातंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरी एकटी संगणकापुढे बसली आणि अण्णा मुद्दाम खाली फिरायला गेले. खऱ्या वाटपात तिला दक्षिण टोकाचे कॉलेज मिळाले. गिरीशला त्याची दुसरी पसंती मिळाली. त्याची जागा बहिणीमुळे गेली की आणखी कुणी क्रम बदलल्यामुळे, हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि मीही अंदाज करणार नाही. तो त्या कॉलेजात रमला आहे. मी विचारले, तेव्हा म्हणाला, "कॅन्टीन तिच्यापेक्षा भारी आहे." मी ते पुरेसे मानले.

गौरीला हॉस्टेलवर सोडायला मीही गेले होते. अण्णांनी खोलीची खिडकी लागते का, पलंग हलतो का, हे पाहिले नाही. ते दाराशी उभे राहिले आणि तिने सामान कसे लावायचे, ते तिला ठरवू दिले. परत येताना मेट्रोत जागा असून ते बसले नाहीत. वहिनींनी पिशवीतून शेंगदाण्याचा लाडू काढून त्यांच्या हातात दिला, आणि त्यांनी तो लहान मुलासारखा, सावकाश खाल्ला. आता संध्याकाळी ते कधी कधी आमच्याकडे येऊन बसतात. बोलायला काही नसते. मी वह्या तपासते, ते वर्तमानपत्र बघतात, आणि गौरीचा फोन आला की दोघेही हातातले बाजूला ठेवून चष्मा काढतो.

मी त्यांची ऋणी आहे. इतकी वर्षे मी चूक वाईट माणसांत शोधत होते. ती एका फार चांगल्या माणसाच्या हातून घडताना पाहिली, आणि त्याने ती आपली म्हणून उचललेलीही पाहिली. माझे उत्तर एवढेच, की मुली परीक्षेत मागे पडत नाहीत. त्यांना वेगळा प्रश्न विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मायाच असते. हे एका घरावरून काढलेले उत्तर आहे, आणि एका घरावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी रोज वर्गात शिकवते. म्हणून वाचकांना विनंती आहे. तुमच्या घरी प्रवेशाची वेळ येईल, तेव्हा मुलीला काय विचारले आणि मुलाला काय विचारले, ते स्वतः तपासून पाहा.