फोनवरून झाड तपासताना

आमचा धंदा झाडांचा. कुठलं ठेवायचं, कुठलं छाटायचं, कुठलं काढायचं, ते आम्ही सांगतो. मी झाड तपासते, नवरा जीप चालवतो आणि फांद्या उतरवतो. राहायचं राहात्यात आणि हिंडायचं पार कोपरगावापासून राजूरच्या डोंगरापर्यंत. छाटलेला पाला जाळणं मी बंद केलं, रोपांच्या काळ्या पिशव्या परत घ्यायला लागले, पण जीपच्या धुराचं काय? एका झाडासाठी डिझेल जाळत डोंगर चढायचा आणि वर लोकांना स्वच्छ हवेचं ज्ञान पाजायचं! मग मी फर्मानच काढलं. आधी व्हिडिओ कॉल, आणि जीप एका दिशेला आठवड्यातून एकदाच.

नवरा म्हणाला, "अगं, डॉक्टर फोनवर नाडी बघतो का?"

"तुम्ही गप बसा," मी म्हणाले.

गेल्या वर्षी राजूरच्या पलीकडच्या एका वाडीवरून फोन आला. म्हातारी बोलत होती. तिच्या घरावर झुकलेल्या आंब्याची मोठी फांदी वारा नसताना पडली होती. मुलाने घाबरून झाड तोडणाऱ्याला सांगून ठेवलं होतं, तो दुसऱ्या दिवशी येणार होता. "माज्या सासऱ्यानं लावल्यालं हाय. कायबी करा पन वाचवा," ती म्हणाली. त्या आंब्याखालच्याच खोलीत तिची बाळंतीण सून बाळाला घेऊन निजत होती.

मी तिला धुण्याचं धोपटणं आणून खोडावर ठोकायला सांगितलं. मुलाने व्हिडिओ लावून फोन खोडाजवळ धरला. पोकळ खोड ढब वाजतं, भरीव खोड टणक वाजतं. आवाज टणक आला. दुसऱ्या बाजूने ठोकलं, तिथंही टणक. काय आनंद झाला म्हणून सांगू! "राहू द्या" हे शब्द अगदी ओठांवर आले होते, तेवढ्यात फोन हलला आणि खाली सिमेंटचा पार दिसला. बुंध्याला घट्ट भिडलेला, वर चकचकीत फरशी.

"हा कधी बांधला?"

"माज्या लग्नाच्या आदी," मुलगा कौतुकाने म्हणाला. "पावनेरावळे बसाया. लई झ्याक झालाय न्हवं?"

कपाळ माझं! आपल्याकडे झाडावर जीव जडला की लोक त्याला सिमेंटात कोंडतात. आतल्या आत बुंधा दमट राहतो, कुजतो, आणि वरून कुणाला काही कळत नाही. मी ओरडलेच, "आधी बाळंतिणीची खाट पलीकडच्या खोलीत न्या. मी उद्या येते, तोवर तोडू नका."

नवरा जीपची किल्ली घेऊन उभाच होता. त्याला नको म्हटलं आणि सकाळच्या यष्टीत बसले. संगमनेर, अकोले, राजूर, मांडीवर लाकडी हातोडी. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कुणाचं डोकं फोडायला निघालाय?" राजूरला वाडीकडे जाणारं वडाप मिळालं, माणसं कोंबलेली भाड्याची जीप.

मुलाने पहारीने फरशी उचकटली, बुंध्यालगतचं सिमेंट फोडलं. मी बुंध्यावर हातोडी मारली. ढब. दुसऱ्या अंगाला मारली, तिथंही तेच. बोटाने दाबलं तर साल आत गेली आणि ओला भुगा हातात आला. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत होती. फार वाईट वाटलं मला. वाचवायला म्हणून आले आणि "काढावं लागेल" म्हणाले. ती पदर तोंडाला लावून आत गेली. मुलगा पहार टाकून खालीच बसला.

दुपारी तोडणारा आला, त्याने दोर बांधून, ओढून, झाड घराच्या उलट्या अंगाला पाडलं. पाला जाळू नका, बांधावर पसरा, एवढं सांगायचं मला सुचलं. मग म्हातारी बाहेर आली. बुंध्याच्या पोकळीत तिने हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. तिने वळून सुनेच्या खोलीकडे बघितलं.

"फोनवर तुमी राहू द्या म्हनल्या असत्या," ती म्हणाली, "तर मी राहू दिलं असतं, बाई."